वनमालाबाईंची पावलं

तीन महिने रोज पाच हजार पावलं चालून नीला सहस्रबुद्धेंना जे मिळणार होतं, ते लहानसहान नव्हतं. बोरिवलीतलं राहतं घर, आपल्या हातचा चहा आणि दुपारी कुणालाही न विचारता झोपण्याची मुभा. नाही चालल्या तर बेंगळुरू, मुलाकडे, कायमचं. साखर वाढलीय, गुडघे आखडलेत, एकटी पडलीस तर बघणार कोण, असं मिहिर सुनावून गेला होता. जाताना त्याने आईच्या मनगटावर घड्याळ बांधलं. पावलं आणि हृदयाचे ठोके थेट त्याच्या फोनवर दिसायचे.

नीलाबाई तेहतीस वर्षं बँकेत होत्या. अटी नीट वाचायची सवय. अटीत पावलं होती. पाय कुणाचे, ते नव्हतं.

पहिले चार दिवस त्या इमानाने सोसायटीच्या आवारात फिरल्या. उभ्या गाड्यांभोवती बावीस फेऱ्या, वॉचमनचे बावीस नमस्कार. पाचव्या दिवशी गुडघे सुजले.

पोळ्या करायला येणाऱ्या वनमालाबाई त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान, गुडघे तेवढेच कुरकुरणारे. पण त्या रोज सकाळी नॅशनल पार्कात तासभर चालून मग आठ वाजता कामाला येत. बांबूच्या बनापाशी पोचलं की पाय दुखायचं विसरतात, म्हणायच्या; या एकदा, ताई. चालणं म्हणजे चालणं, झाडं काय हात धरून चालवतात, असं नीलाबाईंचं मत. मात्र घड्याळ त्यांनी वनमालाबाईंच्या मनगटावर चढवलं.

"माका काय, मी चलतंयच," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांना घड्याळ आवडलंही होतं.

रोजची सात हजार पावलं बेंगळुरूला पोचू लागली. मिहिरने कौतुक केलं, मामेभावंडांना आकडे पाठवले. नीलाबाईंनी ते कौतुक इतक्या संकोचाने स्वीकारलं की, कुणालाही खरंच वाटावं.

बाराव्या आठवड्यात मिहिरचा घाबरा फोन आला. सलग तीन सकाळी ठोके अनियमित होते. त्याने तिथूनच डॉक्टरची वेळ घेतली. नीलाबाईंचा कार्डिओग्राम स्वच्छ निघाला. ही घड्याळं उगाच घाबरवतात, डॉक्टर हसून म्हणाले. नीलाबाई हसल्या नाहीत.

घरी आल्या तेव्हा वनमालाबाई कणीक मळत होत्या. दम वगैरे लागतो का हो, नीलाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चढावर लागता जरा. वय झाला ना, ताई."

सांगायची वेळ तीच होती. पण वनमालाबाई घरी बसल्या की पावलंही बसणार, आणि तीन महिने भरायला आठ दिवस राहिले होते. आठ दिवसांनी आपण स्वतः डॉक्टरकडे नेऊ, असं नीलाबाईंनी मनाशी ठरवलं.

"सावकाश चालत जा हं," त्या म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

पाचव्या सकाळी आठ वाजले, साडेआठ वाजले. मग वनमालाबाईंच्या मुलाचा, नितेशचा फोन आला. आई पार्कातल्या पुलाजवळ कोसळली होती. उजवी बाजू गेली, वाचाही. ठोक्यांचा बिघाड आधी कळला असता तर गोळ्यांवर निभावलं असतं, डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं.

"पण कळणार कसं होतं, ताई?" संध्याकाळी घरी येऊन रुमालात गुंडाळलेलं घड्याळ परत करताना तो म्हणाला.

नीलाबाईंनी घड्याळ घेतलं.

तीन दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या स्वतः पार्कात गेल्या. नदीच्या कडेची माती पायाखाली मऊ होती. बांबूच्या बनात वाऱ्याने कांड्या एकमेकींवर घासत होत्या, वर कुठेतरी तांबट पक्षी ठोकत होता. परत फाटकाशी आल्या तेव्हा पाच हजार चारशे झाली होती आणि गुडघ्यांची आठवण एकदाही आली नव्हती. त्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. पहिल्याच दिवशी आल्या असत्या, तर हे घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हातावर गेलंच नसतं.

मुदत भरली. मिहिरचा निरोप आला: झकास, आई. राहा तिथेच.

त्या संध्याकाळी नीलाबाई इस्पितळात गेल्या. सगळं सांगायचं ठरवूनच गेल्या होत्या. पलंगाशी बसून त्यांनी पर्स उघडली, घड्याळ हातात घेतलं आणि शब्द शोधू लागल्या. वनमालाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, आणि ताईंचं काम अडलंय असं वाटून डावा हात चादरीबाहेर काढून मनगट पुढे केलं.

नीलाबाईंनी घड्याळ परत पर्समध्ये ठेवलं.

घर त्यांना राहिलं. निर्धास्त झोप मिहिरला मिळाली. दोघांचं मिळून जे मोल द्यायचं होतं, ते वनमालाबाईंच्या उजव्या अंगाने दिलं.