छायाच्या गळ्यातलं दावं

सकाळचे सात वाजले होते. अन्नपूर्णाबाईंच्या घरी रोजचीच धांदल चालली होती. चुलीवर चहा उकळत होता. लेक प्रतीक्षा अंगणात सडा टाकत होती. दुसरीत जाणारी नात अनुपमा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घर उलथंपालथं करत होती. आणि घरचा कर्ता पुरुष म्हणवणारा मुलगा हरिओम गोधडीतच मोबाईल बघत पडला होता. त्याची बायको, अनुपमाची आई छाया तोवर गोठा झाडून, तांबू गायीचं आणि म्हशींचं दूध काढून, पीठ मळायला बसली होती. दुसरबीडहून तीन कोस आतलं हे गाव, वांगी-मिरचीचा मळा, दोन एकर ज्वारी. सगळं घर बायांच्या हातांवर चालायचं आणि बाप्याच्या नावावर. हे काही या एकाच घरचं सांगत नाही मी.

"अहो," छाया म्हणाली, "तांबूपुढं ते ज्वारीचे फुटवे नका टाकू बरं. किरळ लागते. मी आणते बांधावरचं गवत."

कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना जे कोवळे कोंब येतात, ते जनावराला विष असतं. त्यालाच किरळ म्हणतात. हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागू नये.

"मले शिकवतं का वं?" हरिओम म्हणाला. "आलं मोठं ढोराचं डाक्टर!"

छाया वांगी तोडायला मळ्यात गेली. हरिओमला गवत आणायचा कंटाळा, म्हणून त्यानं तेच फुटवे कापून तांबूपुढं टाकले आणि गाडी काढून दुसरबीडच्या स्टँडवर चहा प्यायला गेला. दुपारी छाया परत आली, तेव्हा तांबू खुंट्याला बांधलेलीच आडवी पडली होती. तोंडाला फेस, पोट फुगलेलं, मान दाव्यात आवळलेली.

दावं गळ्यात असताना गाय-बैल मेलं की त्या घराला हत्या लागते, असं त्यांच्या जातीत मानतात. मग घरातल्या कोणीतरी तेच दावं आपल्या गळ्यात घालून अकरा दिवस गावोगाव भीक मागायची. बोलायचं नाही. दारापुढं उभं राहून गायीसारखं हंबरायचं. निजायचं गोठ्यात. बाराव्या दिवशी जातीला जेवण घातलं की पाप फिटलं. तोवर त्या घरचं पाणी कोणी पीत नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. पंचांचा म्होरक्या भाऊराव. मिशीला पीळ आणि जिभेला धार. त्याच्या घरी टीव्ही, फ्रीज, दारात ट्रॅक्टर, सगळं नवं. न्याय तेवढा जुना.

"अन्नपूर्णाबाई, पंधरा दिवसानं तुमच्या पोरीचा साखरपुडा. देऊळगाव राजाचे पाव्हणे हत्येच्या घरात पाय ठेवणार नाहीत. कोण घालते दावं, सांगा."

हरिओमनं मान खाली घातली आणि चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसला. त्यानं तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण आई उभी होती ना! नऊवारीचा पदर खोचून. ही बाई वीस वर्षांची असताना सासऱ्याच्या बैलापायी पाच गावं हंबरत फिरली होती. त्याचा तिला केवढा अभिमान! सुनेनं भाकरी करपवली तरी ती तेच ऐकवायची, की "मी दावं घालून फिरली तरी डोळ्यातून थेंब काढला नाही, अन् तुमी!"

"त्याले कामं हायत," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "गोठा बाईचा असते. सून जाईल."

तीन शब्दही नव्हे, दोन. सून जाईल. पारामागं बायांच्या घोळक्यात छाया उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. कोंब कोणी टाकले, तेही कोणी विचारलं नाही. भाऊरावनं सुपारी कातरली आणि पंच उठले.

पहिल्या दिवशी छाया सोनोशीच्या वाटेला लागली. गळ्यात तांबूचं अंबाडीचं दावं, त्याचं टोक हातात, पदराची झोळी. दारोदारी उभं राहायचं आणि हंबरायचं. पहिल्या दारात तिच्यानं आवाज निघेना. आतली बाई पीठ घेऊन उभी, म्हणाली, "हंबर ना माय, मले आंघोळी उरकाच्या हायत." छाया हंबरली. बाईनं तिच्या पायाला हात लावला आणि पदरात पीठ टाकलं. पाय धरतात, बरं का! पाय धरतात आणि गळा आवळू देतात.

तिसऱ्या दिवशी कोण्या शहाण्यानं मोबाईलवर तिचं हंबरणं टिपलं आणि गावोगाव पाठवलं. त्याखाली हसणारी तोंडं. शाळेत मोठ्या वर्गातल्या पोरी अनुपमाभोवती जमल्या आणि तिला म्हणाल्या, "ए वासरा, तुही माय आली, दूध पे जाय." अनुपमा दप्तर तिथंच टाकून घरी पळाली. गोठ्यात आई नुकतीच भीक मागून येऊन बसली होती. पोर तिच्या गळ्यात पडली, "आई, बोल ना. एकदाच बोल. मी कोणाले नाही सांगत." छायानं तिला पोटाशी धरलं. पण ओठ दाबून ठेवले. नेम मोडला की घराला दुप्पट हत्या, आणि नणंदेचं लग्न मोडल्याचं पाप वरून. एवढं ओझं या बाईनं आपल्या लेकरापुढं पेललं. आणि ज्याचं ओझं होतं तो स्टँडवर बसून कॅरम खेळत होता.

चौथ्या दिवशी बुधवार. लसीकरण उरकून दुपारी उपकेंद्रातल्या प्रतिमा सिस्टर घरी आल्या. ख्रिस्ती बाई, पन्नाशीच्या, पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. अनुपमाचा जन्म त्यांच्याच हातचा. "छाया दिसत नाही?" त्यांनी विचारलं. प्रतीक्षानं गोठ्याकडं बोट दाखवलं; छाया नुकतीच झोळी घेऊन परतली होती.

छायाच्या मानेला चौफेर जखम झाली होती. अंबाडीचे तूस मांसात रुतलेले. सिस्टर खाली शेणातच बसल्या, कापूस काढला, औषध लावलं. "दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

आणि छाया हंबरली.

कोणाच्या दारात नाही, भिकेसाठी नाही. दुखलं म्हणून. माणसानं "हो" म्हणायचं तिथं तिच्या तोंडून गायीचा आवाज आला. तिचं तिलाच कळलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. गोठ्याच्या दारात अन्नपूर्णाबाई चहाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती तिथंच उंबऱ्यावर ठेवली.

सिस्टर बाहेर आल्या, हात धुतले. अन्नपूर्णाबाईंना काहीतरी बोलायला पाहिजे होतं. हरलेली बाई आधी टोमणा मारते.

"तुमच्यात कसं फेडतेत वं पाप, सिस्टर? तुमी काय बिगर पापाचे हाव?"

"नाही मावशी. आमचं तर फिटण्यासारखंच नव्हतं. म्हणून प्रभू येशूनं ते आपल्या अंगावर घेतलं आणि वधस्तंभावर जीव दिला. सगळ्यांसाठी, एकदाच. त्याच्यामागून कोणी कोणासाठी मरायला नको."

"त्याचं काही नसतानी?"

"त्याचं काही नसताना."

"हे घ्या!" अन्नपूर्णाबाईंनी हातावर हात मारला. "मंग तुमचं कुठं येगळं? करणारा एक अन् भोगणारा दुसरा. आमची छाया तेच करून राह्यली."

सिस्टर बॅग भरत होत्या, त्या थांबल्या. अठरा वर्षांत या गावानं त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"त्याचं नाव घेऊन हे झाकू नका, मावशी. तो आपल्या पायानं गेला. नाही म्हणता आलं असतं त्याला, तरी गेला. छायाला नाही म्हणता आलं असतं? तिला विचारलं कोणी? त्यानं आमच्या गळ्यातलं काढून स्वतःच्या गळ्यात घातलं. तुम्ही तर घरातलं सगळ्यात गरीब माणूस हुडकलं आणि त्याच्या गळ्यात बांधलं. त्याला खिळे ठोकणारेही असेच होते. एकाला मारू, म्हणजे गावाचं भागेल, म्हणणारे."

"मी बी घातलं होतं दावं!"

"कोणाच्या चुकीचं?"

"सासऱ्याच्या."

"तुम्हाला विचारलं होतं?"

अन्नपूर्णाबाईंचा हात गळ्याकडं गेला. पंचेचाळीस वर्षं ज्या दाव्याचा डांगोरा पिटला, ते दावं त्यांना पहिल्यांदा गळ्याला टोचलं.

"अन् ज्यानं केलं तो?" त्यांनी विचारलं. "त्यो असाच मोकळा फिरते तुमच्यात?"

"नाही. त्यानं आपल्या तोंडानं कबूल करायचं. आणि वागणं बदलायचं. येशू मेला म्हणून मी उद्या एखाद्या लेकराची लस चुकवली तर खपत नाही."

अन्नपूर्णाबाईंनी देव बदलला नाही. त्यांचा खंडोबा देव्हाऱ्यात होता तिथंच राहिला. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन गोठ्यात गेल्या. छाया पाचव्या गावाला निघायच्या तयारीत होती. सासूनं तिला खाली बसवलं, दाव्याची गाठ तेलानं भिजवली आणि हळूहळू सोडवली. खपली ओढली गेली तसा छायानं श्वास आत ओढला. मग अन्नपूर्णाबाईंनी ते दावं आपल्या गळ्यात घातलं आणि रस्त्यानं पारावर गेल्या. मागून प्रतीक्षा, तिचा हात धरून अनुपमा.

"भाऊराव! बाहीर ये. बाकीच्यायले बी बोलव."

भाऊराव दातून करतच आला. गळ्यातलं दावं बघून थुंकायचं विसरला. "हे काय? बदली नाही चालत, अन्नपूर्णाबाई. अन् मुकं राहा लागते. बोलल्या तं नेम तुटला."

"मुकी तांबू होती. मले तोंड हाय." त्या पाराच्या पायरीवर चढल्या. "ऐका रे सगळे! तांबूले किरळ माह्या हरिओमनं चारली. सुनेनं नको म्हणलं होतं. अन् सून जाईल, हे माह्या तोंडानं म्हणलं. तिले न विचारता. हत्या त्याची हाय अन् माह्यी हाय. छायाची काही नाही."

"पण जातीचा नेम..."

"नेम कोणाले लागला आजवर, सांग ना! दहा दावी मोज. कधी एका बाप्याच्या गळ्यात पाह्यलं? तुह्या घरचा गोऱ्हा मेला तवा तुह्यी इधवा बहीण चांगुणा फिरली. तू फिरला का बे?"

भाऊरावच्या हातातलं दातून खाली पडलं. पारामागं बाया जमल्या होत्या, त्यातच चांगुणा होती. तिनं पदर तोंडात धरला होता. तो तिनं काढला.

हरिओम धावत आला. "आई, चाल घरी. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. तुह्या बायकोले चार दिवस पाह्यलं, तवा नाही लाज आली?"

त्यानं जमलेल्या लोकांकडं बघितलं. मग हात पुढं केला. "आण ते दावं. घालतो मी."

"दावं नाही भेटत तुले. दावं घालनं सोपं हाय, मुकं राहून निभते. तू तोंड उघड."

"मीच चारली," हरिओम पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"मी चारली किरळ! छायानं नाही म्हणलं होतं!"

भाऊराव इतकंच म्हणाला, की आता पाव्हणे येतात का ते बघा. तेव्हा प्रतीक्षानंच त्याच्यासमोर देऊळगाव राजाला फोन लावला. "काकाजी, आमच्या घरी गाय मेली. माह्या भावाची चूक झाली. आमी कोणाले हंबरत फिरवणार नाही. याचं असंल तर या, नसंल तर नका येऊ. मले बी इचार करा लागंल तुमचा." फोन ठेवून तिनं अनुपमाचा हात पुन्हा धरला. पाहुणे आले की नाही, हे मी सांगत नाही. ज्यांना तेवढीच उत्सुकता आहे, त्यांना या गोष्टीतलं काही कळलं नाही.

अन्नपूर्णाबाईंनी दाव्याचे विळीवर तुकडे केले आणि न्हाणीच्या चुलीत घातले. अंबाडी भराभरा जळाली. त्या जाळावर तापलेल्या पाण्यानं त्यांनी सुनेला न्हाऊ घातलं.

पण छाया बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अनुपमा तिच्यापुढं पुस्तक वाचायची आणि मधेच वर बघायची. हरिओम पहाटे उठून शेण काढायला लागला होता. छायानं त्याच्याकडं बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. सासू जवळच मेथी निवडत बसली होती.

"आत्याबाई."

अन्नपूर्णाबाईंच्या हातातली काडी तिथंच राहिली. "काय वं माय?"

"मले काऊन पाठोलं?"

सांगायला खूप होतं. लेकीचं लग्न होतं, जात होती, पंच होते, स्वतः फिरलेली पाच गावं होती. या बाईला उत्तराची कधी वाण पडली नव्हती. त्यांनी मेथी खाली ठेवली.

"चुकलं माह्यं."

छायानं भाकर उलटली.

"हाव," ती म्हणाली. "चुकलं."

जाऊ द्या म्हणाली नाही. अन्नपूर्णाबाईंनीही तसं म्हणवून घेतलं नाही. त्या उठल्या, कोपऱ्यातली शेणाची पाटी उचलली आणि गोठ्यात लेकाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

तुमच्या घरी अंबाडीचं दावं नसेल. घरातली कोणती बाई कोणाच्या चुकीपायी गप्प बसली आहे, हे मात्र तुम्हाला ठाऊक आहे. आज तिला विचारा. लगेच बोलली नाही तर उठून जाऊ नका. छायाला तीन दिवस लागले.