अनुमोदन

‘सूचक : रंगुबाई’ एवढं लिहून मोनिकाने पेन उचललं आणि वर पाहिलं. दूध संस्थेच्या कार्यालयात सगळेच गप्प होते. अनुमोदकाची जागा कोरी होती.

ठराव साधा होता. संस्थेच्या मागच्या खोलीत पाळणाघर सुरू करावं. दूध घालायला येणाऱ्या बायांची लेकरं तिथं राहतील, आणि संस्थेत काम करणाऱ्यांचीही. हे शेवटचं रंगुबाईंनी मोनिकाकडे न बघता म्हटलं होतं. संस्थेत काम करणारी बाई एकच, मोनिका. तिची दीड वर्षाची लेक दिशा पारनेरकडे, आजीजवळ. नवरा हर्षल नगरच्या कंपनीत, शनिवारी येणारा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. लेकराला इथं बघणारं कोणी नव्हतं. त्या खोलीच्या कुठल्या वाशाला झोळी बांधता येईल, हे मोनिकाने कधीच बघून ठेवलं होतं.

“मग? टाक की बिभीषणचं नाव,” चेअरमन गोरक्षनाथ अण्णा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. “नेहमीसारखं.”

संस्थेची रीतच तशी होती. सूचक कोणीही असो, अनुमोदक बिभीषण. तो मोबाईलवर म्हशींचे व्हिडिओ बघत बसलेला असला, तरी त्याच्या नावावर ठराव मंजूर होत. मोनिका प्रोसिडिंग लिहायला लागल्यापासून एवढाच फरक पडला होता, की ती दर वेळी त्याला विचारायची आणि तो मान हलवायचा. “आमची क्लार्क थेट कोर्टातून आलीय,” असं अण्णा म्हणायचे, आणि सगळे हसायचे.

आज बिभीषणची मान मोबाईलमधून वर आलीच नव्हती. नुसतं नाव लिहायचं होतं. समोरून रंगुबाई डोळ्यांनी तेच सांगत होत्या.

मोनिकाने ओढणीला तळहात पुसला.

“भाऊ, तुमचं अनुमोदन आहे ना?”

“आँ? कशाला?”

तिने ठराव वाचून दाखवला. शेवटाशी तिचा आवाज जरा खाली आला.

“मागची खोली?” बिभीषणने मोबाईल मांडीवर पालथा घातला. “आन माझी सरकीची पेंड कुठं ठिवू? रंगुबाईच्या पडवीत?”

“ठिव की,” रंगुबाई म्हणाल्या. “आमच्या उंदरांनाबी कळू दे पेंड कशी लागती.”

हशा पिकला. बिभीषणही हसला, पण मान हलवली ती आडवी.

“चेष्टा ऱ्हाऊ दे मावशे. पोती भिजली तर कोन भरून देनार? माझं न्हाई अनुमोदन.”

“दुसरं कुणी?” अण्णांनी विचारलं. माणसं दाराशी चपला शोधू लागली होती.

‘अनुमोदक न मिळाल्याने ठराव मतास टाकण्यात आला नाही,’ मोनिकाने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. त्याचा तिला राग आला.

सही करायला वाकलेल्या रंगुबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, “येडे, गप लिवायचं हुतं. त्येला काय कळनार हुतं?”

“ते बोललेच नव्हते, मावशी.”

“तुझ्या लेकीला तरी कुठं बोलता येतंय?”

रंगुबाईंनी पेन तिच्या हातात दिलं, तिच्या मनगटावर क्षणभर हात ठेवला आणि किटली उचलून निघून गेल्या.

कार्यालयाला कुलूप लावून मोनिका बाहेरच्या पायरीवर बसली आणि तिने आईला फोन लावला.

“दिशा काय करतीय गं?”

“काय करायची? सकाळपासून तुझंच चाललंय. आई कधी येनार, मला न्यायला कधी येनार. डोकं खाल्लं नुसतं माझं.”

मागून दिशाचं खिदळणं ऐकू येत होतं. शेळीचं करडू ओरडत होतं आणि ती त्याच्यामागे धावत “भू, भू” करत होती. ‘मम’ आणि ‘भू’, दोनच शब्द यायचे तिला अजून.

मोनिकाने फोन दुसऱ्या कानाला लावला, गुडघे जवळ ओढून घेतले.

“अजून काय म्हणाली?” तिने विचारलं.