गाळोबाच्या पाठीमागे

राक्षस सुधारणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ते ठीक, पण नोकरी काय करता? हीच करते हो. आमची छोटीशी कंपनी टेबलाभोवती बसून खेळायचे गोष्टींचे खेळ काढते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातले योद्धे, मांत्रिक, चोर होतात आणि फासे टाकतात. वाटेत आडवे येणारे राक्षस आमच्या जाडजूड पुस्तकातून येतात. त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती, कारण जुने राक्षस पार पुचाट झाले होते. खेळणारे त्यांना जांभया देत मारायचे. राक्षसांचे आकडे, हल्ले, नियम नव्याने लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि चित्रं माझ्या धाकट्या भावाकडे.

भावाला सगळे घुम्या म्हणतात. नाव लहानपणी मीच ठेवलं आणि त्याने ते इमानेइतबारे सार्थ केलं. आई म्हणते, दोघांच्या वाटचे शब्द देवाने एकाच पोत्यात भरले आणि पोतं माझ्या अंगावर उपडं केलं. असेल. पण जो माणूस कधी बोलत नाही, तो बोलला की हातातला घास खाली ठेवावा लागतो. परवा जेवताना त्याने मान वर न करता सांगितलं, की बिस्किटांच्या पुड्यांवर चित्रं काढायची नोकरी चालून आली आहे. गव्हाच्या ओंब्या, दुधाचा पेला, हसरी मुलं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं आहे.

मी तिथल्या तिथे त्याला फैलावर घेतलं. वेडबिड लागलंय का, एवढी वर्षं इथे घालवली ती काय ओंब्या रंगवायला, असं बरंच काही. तो सगळं ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "इथे माझं काही उरलं नाही, ताई. एक गाळोबा आहे. तोही शनिवारच्या चाचणीत बाद झाला तर मी चाललो."

खोटं नव्हतं ते. घुम्याने काहीही काढलं की आमच्या मालकांना त्याला शिंगं हवी असायची, नाहीतर शेपटी, नाहीतर तोंडातून लाळ. दुकानात लांबून दिसलं पाहिजे, हे त्यांचं पालुपद. माणूस वाईट नाही, पण ऐकतो म्हणून नाही. घुम्या वाद घालायचा नाही. शिंगं जोडून द्यायचा आणि पुन्हा त्या चित्राकडे बघायचा नाही.

हा गाळोबा म्हणजे किल्ल्यातल्या खजिन्याच्या तळघरात, गुडघाभर पाण्यात, दार अडवून उभा असलेला चिखलाचा धिप्पाड गडी. मालकांनी त्याला नखं जोडली होती. पण आमच्याकडे किटलीचा नियम आहे. राक्षसाची चाचणी सुरू होताना चहाची मोठी किटली भरून टेबलावर येते. ती रिकामी व्हायच्या आत राक्षस मेला तर तो पुस्तकातून बाद. तिथे वशिला चालत नाही. मालकांचा स्वतःचा लाडका तीन तोंडांचा बैल असाच गेला. गाळोबा आधीच्या चाचणीत पहिल्या कपालाच मेला होता. मी एवढा आरडाओरडा केला, की मालकांनी कटकट नको म्हणून त्याला एक शेवटची संधी दिली.

मग मी हात धुऊन गाळोबाच्या मागे लागले. कातडी जाड केली, नखं लांब केली, नखांना विष लावलं. घरी एकटीने फासे टाकून पाहिले तरी बिचारा मरायचाच. दारात उभा राहतो, मारतो, मार खातो, मरतो, यापलीकडे त्याची गाडी जाईना. शेवटी मी हात टेकले आणि आहे तोच कागद घेऊन शनिवारी दुपारी ऑफिसात गेले.

टेबलाशी नेहमीची मंडळी होती. मालक चोर व्हायचे. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे मावशी म्हणतात, ती मांत्रिक. आणि आमचे दातांचे डॉक्टर योद्धा. हा माणूस आठवडाभर लोकांना "जरासुद्धा दुखणार नाही" म्हणतो आणि शनिवारी आला की दिसेल त्याच्यावर तलवार उपसतो. घुम्या खिडकीपाशी पेन्सिलीला टोक काढत बसला होता. खेळ चालवायला मी.

कोणाची पाळी कधी ते विसरू नये म्हणून मी प्रत्येकाचं कार्ड ओळीने मांडते, राक्षसाचंसुद्धा. डॉक्टरांनी वार केला, तलवार गाळोबाच्या खांद्यात रुतली. मावशींनी आग फेकली. मालकांनी सुरा मारला. मी ओळीतलं पुढचं कार्ड वाचलं, पुन्हा डॉक्टरांची पाळी. त्यांनी फासे उचलले आणि थांबले.

"हा काहीच करत नाहीये?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. मावशींनी किटली नेमकी गाळोबाच्या कार्डावर ठेवली होती. नुसता कोपरा बाहेर दिसत होता आणि मी त्याची पाळी खाऊन टाकली होती. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं मी, आणि केलं ते आजच. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण खेळ चालवणाऱ्याने चूक कबूल करायची नसते. चेहरा असा ठेवायचा, की हे सगळं आधीपासून ठरलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तो नुसता उभा आहे."

मालक, जे एव्हाना दुसरा कप ओतून घ्यायचे, ते किटलीकडे गेलेला हात मागे घेऊन पुढे सरकले. जमिनीत काही सापळा आहे का ते तपासतो म्हणाले. सापळा नव्हता. मावशींनी, पुढची आग नको गं टाकायला, असं हळूच सुचवलं. डॉक्टरांनी फासे खाली ठेवले. शनिवारी त्या माणसाच्या हातात फासे नाहीत असं मी प्रथमच पाहत होते.

"ए बाबा," ते गाळोबाला, म्हणजे मला, म्हणाले, "तू मारत का नाहीस?"

आता आली का पंचाईत. माझ्याकडे त्याच्या कातडीचा आकडा होता, विषाचा होता, उत्तर मात्र नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी तो कागद उगाच वरखाली चाळत होते.

"हलता येत नाही मला," खिडकीकडून आवाज आला.

घुम्या उठला नव्हता. पेन्सिलीकडेच बघत होता. "माझ्या पाठीमागे भिंत फुटलीय. भिंतीमागे तळं आहे. मी दारातून हललो, तर पाणी खालच्या गावात शिरेल."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे आपण याला आजवर जितक्या वेळा मारलं..."

"गाव बुडालं," घुम्या म्हणाला. "तुम्ही खजिना घेऊन वरच्या वाटेने निघून जायचात. त्यामुळे दिसलं नाही."

मालकांनी विचारलं, अरे शहाण्या, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, पहिल्या आवृत्तीच्या वेळी लिहून दिलं होतं, पानावर जागा पुरेना म्हणून उडवलं गेलं. चित्रात तर होतंच. मी कपाट उघडून ते मूळ, नखांच्या आधीचं चित्र टेबलावर आणलं. खरंच होतं. गाळोबाची बोटं चौकटीत रुतलेली, पाय फाकवून रोवलेले, दोन्ही खांद्यांवरून पाण्याच्या बारीक धारा. ते हात मारायला उगारलेले नव्हते, धरून ठेवायला पसरलेले होते. आम्ही सगळ्यांनी ते चित्र कितीदा तरी पाहिलं होतं.

त्यानंतर जे झालं त्याला मी खेळ चालवला असं म्हणणार नाही, तो आपोआप चालला. डॉक्टरांनी आधी गाळोबाच्या खांद्यातली तलवार हळूच काढली, अगदी दाढ काढावी तशी, आणि अंगावरचं चिलखत उतरवून भगदाडात खुपसलं. मावशी म्हणाल्या, माझ्या आगीने चिखलाच्या विटा भाजता येतील ना? येतील की. मालकांचा चोर, ज्याने आयुष्यात कुणाचं भलं केलं नव्हतं, तो गावकऱ्यांना उठवून वर आणायला अंधारातून पळत सुटला. घुम्या खुर्ची ओढून टेबलाशी आला. भिंतीत कुठे भेग आहे, पाणी कुठून दाबतंय, हे तो कागदावर काढून दाखवत होता आणि बोलत होता. इतकं, की मला गप्प बसावं लागलं. मला ते फार आवडलं.

भिंत उभी राहिली. "आता गाळोबा काय करतो?" मावशींनी घुम्यालाच विचारलं.

त्याने जरा विचार केला. "खाली बसतो," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

माझे डोळे भरून आले, लपवायच्या भानगडीत मी पडले नाही. डॉक्टर चष्मा पुसत बसले होते, त्यामुळे मी काही एकटी नव्हते. किटली अर्धी भरलेली आणि गार पडली होती. मालकांनी झाकण उघडून आत पाहिलं, घसा खाकरला आणि मला म्हणाले, नखं काढून टाका त्याची.

सगळे गेल्यावर मी किटली उचलली. गाळोबाच्या कार्डावर चहाचा गोल डाग पडला होता. हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरवत होते, तेवढ्यात घुम्या म्हणाला, "किटली कार्डावर आहे, हे मला सुरुवातीपासून दिसत होतं." हा असा आहे. मी नव्या कागदावर गाळोबाचा नियम लिहायला घेतला. हल्ल्याच्या रकान्यात एक रेघ ओढली आणि खाली लिहिलं, की याला मारण्याआधी याच्यामागे काय आहे ते विचारावं.

सोमवारचं विचारायचा मला धीर होत नव्हता. घुम्या कपाटासमोर उभा राहून जुनी चित्रं एकेक करून बाहेर काढत होता. शिंगंवाले, शेपटीवाले, लाळ गाळणारे सगळे त्याने टेबलावर पसरले.

"यांच्या पाठीमागे काय आहे तेही लिहायचं राहिलंय," तो म्हणाला.

"आणि बिस्किटं?"

"बिस्किटांच्या पाठीमागे काही नसतं, ताई."

मी चहाचं आधण ठेवायला उठले. त्याने शिंगं खोडायला घेतली होती.