बोलायच्या मॅडमची चूक

"मॅडम, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती?"

प्रश्न मैत्रीण बबिताचा, पैजही तिचीच, पण माईकपाशी उभी होती उर्वशी. दारव्ह्याच्या शाळेत दहावी पास झालेल्या पोरींचा सत्कार चालला होता. पाहुण्या म्हणून आलेल्या तमन्ना मॅडम पुसदच्या वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्यांचं बोलणं अडतं त्यांना मोकळं करणाऱ्या. उर्वशीच्या बंजारा तांड्यावर सगळे त्यांना बोलायच्या मॅडमच म्हणत. त्यांच्या क्षेत्रातल्या संघटनेनं महिन्यापूर्वीच त्यांना राज्याचा पुरस्कार दिला होता. अशा बाईला भर सभेत चूक विचारायची! बबिता म्हणाली होती, "विचारलं त कचोरी माह्याकडून. पण तुह्या तोंडून निघते का, ते पाय आधी."

बबिता बदमाशच. प्रश्न 'म'नं सुरू होत होता, आणि 'म' आला की उर्वशीची जीभ चिखलातल्या बंडीसारखी रुतून बसायची. दोन वर्षं ती याच मॅडमकडं जात होती ती त्यापायीच. आजही पहिला 'म' तीनदा अडला. मागं कुणीतरी खुदकन हसलं. पण उर्वशी खाली बसली नाही. मॅडमनं शिकवल्याप्रमाणं तिनं ओठ हलकेच मिटले, अक्षराला ढकललं नाही, आणि प्रश्न शेवटपर्यंत नेला.

मुख्याध्यापक खुर्चीत चुळबुळले. मॅडम मात्र खुलल्या.

त्या सांगू लागल्या. दोन वर्षांपूर्वी तांड्यावरची चार वर्षांची सलोनी त्यांच्याकडं आली होती. त्यांनी एकेक चित्र दाखवून मराठीत विचारलं, हे काय, हे कोण. चौदा चित्रं झाली, पोरगी गप्प. त्यांनी फाईलवर लिहून टाकलं, 'शब्द नाहीत', आणि कान तपासायला यवतमाळची चिठ्ठीही दिली. बाहेर बाकावर दुसरी एक पोरगी आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. तिनं तीच चित्रं घेऊन सलोनीला गोरबोलीत, म्हणजे तांड्यावरच्या बंजारा बोलीत, विचारलं. मग काय! भाकरी दिसली की 'बाटी', आई दिसली की 'याडी', सलोनीचं तोंड थांबेचना.

"त्या लेकराला शब्द होते," मॅडम म्हणाल्या, "मीच चुकीच्या दारावर टकटक करत होते. ती फाईल मी अजून जपून ठेवलीय. त्यानंतर मी गोरबोलीतली चित्रं तयार केली, आणि पुरस्कार त्याच चित्रांना मिळालाय. माझी चूक पकडणारी पोरगी आत्ता माईकपाशी उभी आहे."

उर्वशीचे कान तापले. तिला वाटलं होतं, त्या दिवशी आपण नुसता टाइमपास केला. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती, आणि सगळ्यात जोरात वाजवत होती बबिता, कचोरी हरून.

कार्यक्रम संपल्यावर उर्वशीनं मॅडमना गाठलं आणि तुमच्यासारखं व्हायला काय लागतं ते विचारून घेतलं. अकरावी-बारावी सायन्स, मग चार वर्षांची डिग्री. झालं की! अडचण एकच होती. अकरावीच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख, आणि बानं आर्ट्स कधीच ठरवून टाकलं होतं. आर्ट्स, मग पोलीस भरती. शिट्टी वाजवाले बोलावं लागत नाही, असं तो वरून म्हणायचा.

घरापर्यंत जीपमध्ये ती बाला सांगायचं वाक्य मनातल्या मनात घोळवत होती.

बा, म्हणजे इंद्रजीत, अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. याडी, म्हणजे संगीता, तूर पाखडत होती. उर्वशीचं बोलणं अडलं की याडी ते मायेनं पुरं करून टाकायची. पाणी म्हणायच्या आत पाणी, वही म्हणायच्या आत वही. त्यामुळं घरात उर्वशीनं मनातली मोठी गोष्ट स्वतःच्या तोंडानं कधी पुरी सांगितलीच नव्हती.

"म... म..."

"मले भूक लागली. हो ना?" याडी सूप ठेवून उठलीसुद्धा. "बस, वाढतो."

उर्वशीनं तिचा हात धरला आणि तिला परत खाली बसवलं. बानं पंपावरून मान वर केली. तिनं घाई केली नाही. ओठ हलकेच मिटले.

"मी आर्ट्स घेणार नाही, बा. मी सायन्स घेणार आहो आन् बोलायची मॅडम होणार आहो. उद्या फॉर्मवर सही त्याच्याचसाठी करजो."