उशाशी लोह

शरदाची केशरकोवळी उन्हे उंबऱ्यावर उतरली होती. दाराशी कुंडीतला अनंत उभा होता. खालची जुनी पाने पाचूसारखी गर्द, आणि शेंड्याची नवजात पाने पिवळी. त्या पिवळेपणात हिरव्या शिरांची जाळी तेवढी उरली होती.

अनंत मनोरमाबाईंच्या माहेरचा. माहेरचे घर विकले गेले, विहीर बुजली, माणसे पांगली; आईने लावलेल्या झाडाची ही एक फांदी तेवढी कुंडीत श्वास घेत होती.

“दृष्ट लागलीय गं त्याला,” त्या सुनेला म्हणाल्या.

सून शर्वरी मातीपरीक्षण करणारी. “आई, दृष्ट काय वय विचारून लागते? म्हाताऱ्या पानांना सोडून नेमकी लेकरांनाच?”

“हस तू. हे गेलं की माझं माहेर गेलं.”

शर्वरी हसायची थांबली.

नत्र सरले की जुनी पाने आपले संचित कोवळ्यांना देतात आणि स्वतः पिवळतात. लोहाला ते औदार्य नाही. लोह बसले तिथेच बसते. म्हणून लोहाची भूक कोवळ्यांना आधी लागते. पण या कुंडीत मनोरमाबाईंनी गंजके खिळे पुरले होते. उशाशी लोह, आणि पान उपाशी!

तिने माती शुद्ध पाण्यात कालवली, परीक्षापट्टी बुडवली. पट्टी निळसर हिरवी झाली. मातीचा सामू, म्हणजे पीएच, आठावर चढला होता, आंबटपणा सरला होता, आणि अनंत तर आंबट मातीचा रसिक. पाणी तेच, खत तेच, शेजारच्या कुंडीतली जास्वंद मात्र हिरवीगार.

दुसरी सकाळ दुधाळ उजेडाची. मनोरमाबाईंनी उंबऱ्यावरची कालची रांगोळी बोटांनी अलगद टिपली. शुभ्र कमळे, शुभ्र शंख, ओंजळीत शुभ्र धूळ. पायदळी येऊ नये म्हणून ती त्यांनी अनंताच्या मुळाशी वाहिली. रोज वाहत तशीच.

शर्वरीने लिंबू चिरले. कुंडीतल्या मातीवर थेंब पडला, फेस आला. रांगोळीच्या चिमटीवर थेंब पडला, तोच फेस.

मनोरमाबाई पाहतच राहिल्या. “म्हणजे मीच गं...”

“तुम्ही नाही, आई. दगड.” शर्वरीने त्यांची पांढरी बोटे हाती घेतली. “माती बदलू. मुळं जिवंत आहेत.”

रांगोळी आंबटाने फेसाळणाऱ्या, चुनखडीच्या जातीच्या दगडाचे पीठ होती. ओंजळीओंजळीने ती मातीत मुरली. मातीचा सामू चढला. चढलेल्या सामूने लोह मुळांपासून रोखून धरले. आणि शरदाच्या उन्हात, हिरव्या शिरांच्या जाळीत, कोवळी पाने पिवळी होत गेली.