सासुरवाडीची चिंच

"अबे, बाजूले घे ते भूत! बैल उधळून राहिले माह्ये!"

वलगावच्या अलीकडे खुशालराव गाडीवान कापसानं फुगलेल्या गाडीवर उभा राहून ओरडत होता. समोरून सहदेव सुतार दोन चाकांवर खडखडत येत होता. पाठीवर तिवई आणि काळ्या तंबूचं गाठोडं, पुढं पेटी, मागं तांब्याचा हंडा.

"भूत नाई दादा, बाभळीचं लाकूड हाय. गाडीच समजा."

"गाडी? मंग बैल कुठी हाय तिचा?"

"बैल मीच."

"ते तं दिसूनच राहिलं!" खुशालराव म्हणाला आणि मागच्या गाड्यांवरही हशा पिकला. तेवढ्यात एक जोडी अशी बिथरली, की भरल्या गाडीसकट वळून थेट घरी जाऊन उभी राहिली. घरधनीण दारात आली आणि कापूस कोणी घेतला नाही म्हणून रडायला लागली, असं वलगावात सांगतात.

"अबे, आयक तं, पुढं वाट—" खुशालराव सांगायला लागला.

"हाव, हाव," म्हणत सहदेव पुढं निघूनही गेला. पुढं वाट खचली होती. तो पडला, उठला, हंडा पाहिला. हंडा शाबूत होता.

सहदेव असाच. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं, की याचं "हाव, हाव" तयार. बसला तरी टाच जमिनीवर ठोकत राही. पोटात भोवरा फिरत असल्यासारखा माणूस, आणि नशिबानं धंदा मिळाला तो लोकांना स्थिर बसवण्याचा. कापूस घ्यायला आलेल्या एका साहेबाची तसबिरी काढायची पेटी पावसाळ्यात फुगली, ती यानं रंधा मारून बसवून दिली आणि पाहता पाहता तसबिरी काढायचं काम उचललं. साहेबानं आपल्या मुलखातल्या दुचाकी गाडीचं चित्र काडीनं मातीत काढून दाखवलं, यानं ती बनवली. पुढच्या चाकाला पाय मारायचे, बस. साहेब तापानं खंगून मायदेशी गेला, पेटी आणि बाटल्या सहदेवाकडं राहिल्या.

तेव्हा कापसाच्या तेजीचा रुबाब होता. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला आणि स्वतः कडब्यावर झोपले. बैलांच्या शिंगांना चांदी चढली. असे शेतकरी बाजार उरकला की सहदेवापुढं येऊन बसत. "हालू नोका," हा दरडावून सांगे आणि स्वतःची टाच ठोकत राही. त्या टाचेनं पेटीखालची तिवई हले आणि एकदा एका पाटलाला तसबिरीत दोन नाकं आली. पाटील खूशच झाला. तेजीत सगळंच दुप्पट होतं.

पण आजचं काम पाटलाचं नव्हतं, जमुनेचं होतं.

जमुना म्हणजे त्याची बायको. तेजीत तिनं दिवसरात्र चरकीवर बसून कापसातली सरकी काढली आणि कापसाची बारीक धूळ तिच्या छातीत जाऊन बसली. आता ती खाटेवर होती. चार शब्द बोलली की दोन वेळा थांबे. तिचं माहेर खारवाडी, वलगावच्या पलीकडं. तिथल्या वेशीवरच्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती होती, आणि तिचं सारं लहानपणही त्याच चिंचेवर गेलं होतं. ती चिंच एका ठेकेदारानं जळणासाठी घेतली होती. उद्या कुऱ्हाड पडणार, असा निरोप आला.

"मले येकडाव चिंच दाखवा," ती म्हणाली. "मी काही आता... जात नाई तिकडं."

म्हणून पहाटेच सहदेव निघाला. हंडा बांधत असताना जमुना खाटेवरून काहीतरी सांगत होती. दम लागून ती मध्येच थांबली आणि त्या फटीत त्यानं "हाव, हाव" घातलं.

आता हंड्याचं सांगायला हवं. त्या काळची तसबीर म्हणजे मोठी नाजूक भानगड. काचेवर बाटलीतला चिकट रस ओतायचा. तो रसही कापसाचाच, तेजाबात घालून केलेला. काच ओली आहे तोवर तसबीर घ्यायची, तिथंच काळ्या तंबूत शिरून तिच्यावर दुसरं औषध ओतायचं आणि चित्र उमटलं रे उमटलं की भरपूर गोड्या पाण्यानं धुवायचं. धुतलं नाही तर औषध थांबत नाही, सगळी काच काळी होते. आणि वलगाव ओलांडलं की खारपाण लागतं. विहिरी तुडुंब, पण पाणी असं की डाळ शिजत नाही आणि साबण फुटत नाही. औषधात ते पडलं तर दूध नासावं तशी तसबीर नासते. म्हणून घरून हंडा.

काचा दोनच होत्या. एक चिंचेची, एक अडीअडचणीची.

गाडरस्ता सोडून तो पांदीच्या अरुंद वाटेला लागला. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या, काळ्या जमिनीला भेगा, बोरीच्या काट्यांना अडकलेले कापसाचे पुंजके. सुगरणीही त्या वर्षी खोप्यात कापूस घालत होत्या. पलीकडच्या गवतात काळविटांचा कळप उभा होता. नर मान वर करून या खडखडणाऱ्या जनावराकडं पाहत राहिला. सहदेव उतरला. पुढं जायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण पायांच्या आधी हात चालले, तंबू उभा राहिला आणि काच ओली झाली. पेटीचं झाकण काढलं तेव्हा नर दगडासारखा उभा होता. झाकण लावेपर्यंत कळप क्षितिजावर. तंबूत काच धुऊन पाहिली तर गवत लख्ख आलं होतं, आणि नराच्या जागी नुसता धूर.

अडीअडचणीची काच गेली. हंडा अर्ध्यावर आला.

खारवाडीच्या वेशीवर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चिंच होती तशीच होती, एवढी रुंद, की तिच्या सावलीत एकाच वेळी दोन लग्नं लागली होती आणि वऱ्हाडी चुकून एकमेकांच्या पंगतीत जेवले होते. बगळे फांद्यांवर कलकलत होते. बुंध्यापाशी ठेकेदाराच्या माणसांनी दोर आणून टाकले होते.

"जवाई आले वो, जमुनेचे धनी!" म्हातारी मैनाबाई काठी टेकत आली. ती जमुनेची मावशी. तिच्यामागं वाकलेले नत्थुजी आणि आणखी चार-सहा म्हातारी माणसं. जमुनेचे आईबाप कधीच गेले होते. उरलं होतं ते हे एवढंच.

"कशी हाय आमची पोट्टी?"

"बरी हाय. मावशी, सरका, चिंच झाकून राहिली तुमच्यानं."

मैनाबाई बाजूला झाली. सहदेवानं झाकण काढलं आणि जन्मात पहिल्यांदा दोन्ही टाचा जमिनीला चिकटवून उभा राहिला. वारा पडला. एक बगळासुद्धा हलला नाही. झाकण लावून, काच छातीशी धरून तो तंबूत घुसला. औषध ओतलं. अंधारात तांबड्या काचेच्या उजेडात बुंधा उमटला, मग फांद्या, मग फांद्यांवर पांढरे ठिपके.

बाहेरून मैनाबाईचा आवाज आला. "जवाई, हे हंड्यातलं पानी जमुनेनं धाडलं का आमाले?"

"हाव, हाव!" सहदेव म्हणाला. त्याचे डोळे काचेवर होते.

त्या गावची रीतच होती. गोड्या पाण्याच्या मुलखात दिलेली लेक माहेरी यायची ती हंडाभर पाणी घेऊन. गावातल्या म्हाताऱ्यांनी आधी ओंजळ-ओंजळ प्यायचं, मग लेकीनं उंबरा ओलांडायचा. जमुना किती वर्षांत आली नव्हती.

"पानी!" सहदेवानं तंबूतून हात बाहेर काढला. "हंडा द्या इकडं, लवकर!"

बाहेर ओल्या ओंजळी पदराला आणि धोतराला पुसल्या गेल्या.

"गोड होतं बावा," नत्थुजी म्हणाले. "पोट्टीले म्हनाव, खडीसाखरेवानी होतं."

सहदेवाच्या हातात हंडा आला तो रिकामा. त्याचा चेहरा पाहून कोणीतरी विहिरीकडं धावलं आणि लोटाभर पाणी घेऊन आलं. ते ओतताच काच ताकासारखी पांढरी झाली. मग कडेकडेनं काळोख चढायला लागला. आधी बगळे गेले, मग फांद्या, शेवटी बुंधा. सहदेव पाहत राहिला. तंबूतून बाहेर आला तेव्हा मैनाबाईनं पदरानं तोंड पुसून त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. त्यानं रिकामा हंडा गाडीला बांधला.

दिवेलागणीला तो घरी पोचला. जमुना उशीला टेकून वाट पाहत होती. त्यानं काच तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी केली, सुलटी केली.

"काळीच हाय."

"धुवाले पानी नोतं. पिऊन टाकलं त्यायनं." त्याचा आवाज चढला. "मैनाबाईनं, नत्थुजीनं, साऱ्यायनं! पुसलं अन् मी हाव म्हटलं—"

जमुना हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत त्यानं तिची पाठ धरली.

"अवो, सकाळी मी तेच तं... सांगत होती. पयले त्यायले पाजा म्हटलं. उरलं त्यात... चिंच धुवा. तुमी हाव म्हटलं ना."

सहदेव खाटेच्या कडेला बसला.

"मैनामावशी प्याली, पन..." तिनं विचारायला घेतलं.

"हा—" म्हणता म्हणता तो थांबला. तिनं श्वास घेतला. तो वाट पाहत राहिला.

"सांडलं तं नाई?" तिनं प्रश्न पुरा केला.

"नाई. ओंजळीच्या खाली दुसरा हात धरला होता म्हतारीनं." हे त्यानं पाहिलं नव्हतं. पण तसंच झालं असणार.

मग तिनं एकेकाचं विचारलं आणि त्यानं एकेकाचं सांगितलं. टाच हलली नाही.

चिंच दुसऱ्या दिवशी पडली. जमुना पुढच्या पऱ्हाटीला बोंडं येईपर्यंत होती. काच सहदेवाच्या दुकानात पुढं पुष्कळ वर्षं पाटलांच्या तसबिरींमध्ये टांगलेली होती. कोणी नवं गिऱ्हाईक विचारी, "हे काय वो, काळं?"

"सासुरवाडीची चिंच," तो म्हणे. आणि बोट ठेवून दाखवी, "हे बगळे. हा बुंधा. अन् इथं बाजूले मैनाबाई उभी हाय."