बंडू चावतो

दीना अमोलिक यांच्या आवारात पहिलं कुत्रं आलं ते एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात. नगरजवळच्या भिंगार छावणीतल्या पलटणी लढाईसाठी सरहद्दीकडे हलल्या, साहेबलोकांच्या बायका मुलांना घेऊन माहेरी गेल्या आणि बंगल्यांच्या फाटकांपाशी कुत्री उरली. काही दिवस खानसाम्यांनी त्यांना भाकरी टाकली. पुढे खानसामेही आपापल्या गावी गेले. गाद्यांवर झोपलेली ती जनावरं, त्यांना उकिरडा फुंकायचंही माहीत नव्हतं. फाटकाशी बसून ती नुसती रस्त्याकडे बघत राहायची.

दीनाबाई प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग घेत. वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं, भिंगारमध्ये दोन खोल्या आणि मागे तारेचं कुंपण घातलेलं आवार. शाळेतून येताना एका फाटकापाशी त्यांना एक पांढरं, लांब कानांचं कुत्रं दिसलं. गळ्यातल्या पट्ट्यावर 'लिली' असं लिहिलेलं. त्यांनी तिला उचलून घरी आणलं. आठवड्यात पाच झाली, नाताळापर्यंत अकरा.

एवढी कुत्री ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांना घरं शोधायला हवी होती, आणि दीनाबाई ते आपल्या पद्धतीनं शोधू लागल्या. सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहून त्या देवळाच्या दारावर, म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती देवळाच्या दारावर, आणि वाण्याच्या दुकानात लावल्या. जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं टाकली. कुणी आलंच तर त्याला खुर्चीवर बसवून विचारायच्या, "बांधून ठेवणार की मोकळं? पाऊस आला तर कुठं झोपेल? घरात मारायची सवय कुणाला?" निम्मे लोक खुर्चीवरूनच परत जात. तीन महिन्यांत चार कुत्री गेली. चारही चांगल्या घरी गेली, याचा त्यांना फार अभिमान होता.

अकरातलं एक मात्र त्यांनी कुणालाच दाखवलं नव्हतं. मोठं, राखाडी तोंडाचं अल्सेशियन. कुण्या मेजरसाहेबांनी त्याचं नाव ब्रँडी ठेवलं होतं. दारूबंदीवर शाळेत निबंध लिहून घेणाऱ्या बाईंना गल्लीत उभं राहून "ब्रँडी, ब्रँडी" अशा हाका मारणं जमेना, म्हणून त्यांनी त्याचा बंडू केला. तोही दोन दिवसांत बंडू झाला. त्या वह्या तपासायला बसल्या की तो पायाशी येऊन पडे आणि त्या त्याच्या पाठीवर पाय ठेवून बेरजा तपासत.

फेब्रुवारीत मालनबाई या कामात शिरली.

मालनबाई भिंगारच्या पलीकडच्या मळ्यातून दूध घालायला येई. चाळिशीची, उंच, मोठ्यानं बोलणारी. एका सकाळी किटली खाली ठेवून ती आवारात डोकावली.

"बाई, ही समदी द्यायची हायेत?"

"हो. चिठ्ठ्या लावल्यात ठिकठिकाणी."

"चिठ्ठी वाचून कुनी कुत्रं नेतंय व्हय?" असं म्हणून तिनं एक तपकिरी पिल्लू उचललं, पदरात गुंडाळलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी दूध ओतता ओतता म्हणाली, "माज्या चुलत दिराच्या वस्तीवर दिलं. पोरं नाचायला लागली बगा."

"पण मी त्यांना पाहिलंही नाही," दीनाबाई म्हणाल्या.

"मी पाह्यलंय की! पंचवीस वर्सं पाहातीय."

मालनबाईचं माहेर शेवगावकडचं. तिकडून नगरला माल घेऊन येणारा बन्सी नावाचा ट्रकवाला तिच्याच भावकीतला. परतीच्या रिकाम्या ट्रकमधून ती कुत्री पाठवू लागली. एक मामाकडे, एक भावजयीच्या माहेरी, एक देवळाच्या पुजाऱ्याकडे. लिलीला तर तिनं शेवगावजवळ एका म्हाताऱ्या जोडप्याकडे स्वतः नेऊन सोडलं. लढाई केव्हाच संपली होती, पण पलटणी दुसरीकडे लागल्या त्या लागल्या. नवी कुत्री येत होती आणि मालनबाई ती वाटत होती. महिन्याभरात तिनं नऊ कुत्र्यांना घरं मिळवून दिली.

नऊ! दीनाबाईंनी बोटांवर मोजून पाहिलं आणि मग स्वतःचाच राग आला.

हळूहळू लोकांच्या तोंडी मालनबाईचं नाव बसलं. वाण्याच्या दुकानात कुणी विचारलं, "ती मालनबाईची कुत्री कुठं मिळतात?" वाण्यानं दीनाबाईंच्याच घराकडे बोट दाखवलं. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी त्यांना थांबवून म्हटलं, "तुमच्या त्या मालनबाईंचं फार कौतुक वाटतं हो." तुमच्या त्या! दीनाबाई हसल्या, "खरंच," म्हणाल्या, आणि निरोप न घेताच घराकडे वळल्या.

त्याहून बोचे ते कुत्र्यांचं वागणं. पहाटे उठून भाकऱ्या भाजायच्या दीनाबाईंनी, गोचिडी काढायच्या त्यांनी, आणि मालनबाईचा आवाज आला की सगळी कुत्री त्यांच्या हातातला तुकडा सोडून फाटकाकडे धावणार. ती दुधाला धावतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण एकदा मालनबाई लग्नाला निघालेली, नवं लुगडं नेसून, हात हलवत आली. तरी ती धावलीच. फक्त बंडू दीनाबाईंच्या पायाशी पडून होता. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात मालनबाई आत आली, खाली बसली, त्याच्या पोटाला खाजवत म्हणाली, "काय बंडूशेट, उटायचं न्हाई का?" आणि बंडूनं चारी पाय वर केले. दीनाबाईंसमोर त्यानं असं कधी केलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं की त्याला पोट खाजवलेलं आवडतं.

मार्चच्या शेवटी मालनबाई म्हणाली, "बाई, बंडूला जागा भेटली."

"बंडूला?"

"शेवगावचा रंगनाथ. मोसंबीची बाग हाय त्याची, हीर हाय, मानूस लई मायाळू. राखनीला मोटं कुत्रं पायजे त्याला. शनिवारी येतोय बगायला."

"बंडूचं वय झालंय."

"म्हनून तर. तुमच्या हितं दोन खोल्यांत कोंडून किती दीस ऱ्हानार त्यो? पळायला मोकळं रान पायजे."

नको म्हणायला दीनाबाईंकडे कारण नव्हतं. मला हवा आहे, एवढं एकच कारण होतं, आणि ते त्यांच्या ओठांवर आलं नाही. दुसऱ्यांनी न्यावं म्हणून गावभर चिठ्ठ्या लावणारी बाई स्वतः कशी धरून ठेवणार? आणि मालनबाईकडे मागायचं? त्यापेक्षा जीभ चावलेली बरी.

शनिवारी रंगनाथ आला तेव्हा मालनबाईची म्हैस व्यायला झाली होती, म्हणून ती आली नव्हती. साधा, धोतर नेसलेला माणूस. पिशवीतून डझनभर मोसंबी आणलेली. बंडूकडे पाहून त्याचा चेहरा खुलला.

"वा! राजाच हाय की. गरीब हाय ना सोभावानं?"

दीनाबाईंनी बंडूचा पट्टा घट्ट धरला. "नाही हो," त्या म्हणाल्या. "चावतो."

"चावतो? मालनबाई तर म्हनत हुत्या—"

"त्यांना काय माहीत? त्या येऊन जाऊन असतात. दोघांना चावलाय आत्तापर्यंत. एका मुलाला टाके पडले." आणि थांबायचं सोडून त्या पुढे म्हणाल्या, "ही लष्करातली कुत्री वरून शांत दिसतात. कधी उलटतील सांगता येत नाही."

रंगनाथ दोन पावलं मागे सरला. मोसंबी तिथंच ठेवून, नमस्कार करून गेला. दीनाबाईंनी दार लावलं. त्यांना हलकं वाटलं. लाज वाटायला हवी हे कळत होतं, पण वाटलं हलकंच. मालनबाईनं चौकशी केली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना नाही आवडला."

"आसं कसं?" मालनबाईनं कपाळाला आठ्या घातल्या, पण विषय सोडून दिला.

दोन आठवड्यांनी बन्सीचा ट्रक दारात थांबला. मागे दोरीनं बांधलेली दोन कुत्री होती. "परत पाठवल्यात," तो म्हणाला. "शेवगावच्या बाजारात बोंब झालीय, मिल्ट्रीची कुत्री चावरी हायेत म्हनून. बाया पोरांना जवळ जाऊ देईनात." चार दिवसांनी आणखी तीन आली. एकाच्या पाठीवर काठीचा वळ होता.

मालनबाई दूध सुनेवर सोपवून माहेरी गेली. दोन दिवसांनी परतली ती थेट दीनाबाईंकडे. पायांवर धूळ, डोळे लाल.

"लिली गेली बाई. म्हाताऱ्याच्या नातवंडांनी दगडं मारून हुसकली. दोन दीस वढ्यानं फिरले, हाका मारल्या. न्हाई सापडली." ती उंबऱ्यावरच बसली. "कुनी उटवलं आसंल वो हे? रंगनाथ बी माल घेऊन भाईर गेलेला, त्याला इचारता आलं न्हाई. आपन कुनाचं काय वाईट केलंय?"

दीनाबाईंनी तिला पाणी दिलं. मालनबाई पदरानं तोंड पुसून उठली. "जाऊ द्या. पुन्यांदा घरोघर फिरते मी. एकेकाला सांगते." आपल्यानं हे कधीच झालं नसतं, असं दीनाबाईंच्या मनात आलं, आणि अशा वेळीही त्यात थोडं जळणं होतंच.

शेवगावच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी शाळेत रजेचा अर्ज दिला. एस.टी.त कुत्रं घेत नाहीत, म्हणून बन्सीला गाठलं. ट्रकच्या केबिनमध्ये बंडू त्यांच्या पायाशी बसला आणि सगळी वाट खिडकीतून येणारा वारा हुंगत राहिला.

रंगनाथ बाजारात मोसंबीच्या ढिगापाशी बसला होता. बंडूला पाहून आजूबाजूच्या बाया पोरांना ओढून मागे झाल्या. दीनाबाई उभ्या राहिल्या. चाळीस पोरांच्या वर्गाला ऐकू जाणाऱ्या आवाजात त्या म्हणाल्या,

"हा कुत्रा कुणालाही चावलेला नाही. मी खोटं बोलले."

त्यांनी बंडूच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला. बंडू गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला, मग त्यानं हात चाटला. कुणीतरी हसलं. रंगनाथ हसला नाही.

"मंग तवा तसं का म्हनलात, बाई?"

"मला तो द्यायचा नव्हता." दीनाबाई पुढे म्हणाल्या, "आणि मालनबाईंनी जागा शोधली म्हणून तर मुळीच द्यायचा नव्हता. सगळे त्यांचं नाव घेतात, ते मला सहन होत नव्हतं. तुमच्याकडे दिलेल्या कुत्र्यांना मारू नका. ती गरीब आहेत."

लोक ऐकत होते. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, मास्तरीनबाई आन् आसलं?" रंगनाथ ढिगामागून उठून बंडूपाशी आला. मग त्यानं विचारलं, "आता देता का मला?"

याचा विचार दीनाबाईंनी केलाच नव्हता. खरं सांगून बंडूला घेऊन परत जायचं, एवढंच ठरवलं होतं. त्या खाली बसल्या. सगळ्या बाजारादेखत त्यांनी बंडूच्या पोटाला खाजवलं. त्यानं चारी पाय वर केले. मग त्यांनी पट्टा रंगनाथच्या हातात दिला आणि मागे न पाहता ट्रककडे चालू लागल्या.

परतल्यावर त्या घरी न जाता मळ्यात गेल्या. मालनबाई म्हशीला पेंड घालत होती. दीनाबाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मालनबाईचा हात पाटीत तसाच राहिला.

"म्हंजी लिली बी त्याच्यातच गेली," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"जळायचं हुतं तर माज्यावर जळायचं हुतं, बाई. चार शिव्या द्यायच्या हुत्या, दूध बंद करायचं हुतं. मुक्या जनावरांवर कशाला काढलं?"

मालनबाईनं त्यांना बसा म्हटलं नाही.

महिनाभर दूध सून घालून गेली. परत आलेली पाच कुत्री दीनाबाईंनी एकटीनं सांभाळली. बाजारातली गोष्ट गावोगाव गेली होती. मास्तरीणबाईंनी कुत्र्याच्या तोंडात हात घातला, हे ऐकून एक-दोघं कुत्रं न्यायला आली. त्यांनी कुणालाही खुर्चीवर बसवून प्रश्न विचारले नाहीत, त्याऐवजी शाळा सुटल्यावर त्यांच्या वस्तीवर चालत जाऊन घर बघून आल्या. सुट्टीच्या दिवशी त्या बन्सीबरोबर शेवगावला जात आणि ओढ्याकाठच्या वस्त्यांवर लिलीचा तपास करत. लिली सापडली नाही.

मेमध्ये एके दिवशी मालनबाई स्वतः दूध घेऊन आली. पावसाची चिन्हं नव्हती, चारा महागला होता, ती वाळलेली दिसत होती. आवारात दोनच कुत्री उरली होती.

"ह्या काळीसाठी एक घर हाय," ती म्हणाली. तुटकच म्हणाली. "पर तुमी बगून घ्या आदी. उद्या चला माज्यासंगं."

"येते."

चहा झाला. मालनबाईनं बशी खाली ठेवली. "माहेरी गेल्ते. बंडूला पाह्यला. बांधावरनं वळाकलं मला, निस्ता अंगावर झेपावला. लई गुटगुटीत झालाय."

दीनाबाईंचं ते जुनं जळणं पुन्हा जागं झालं. एवढं सगळं होऊनही ते तिथंच होतं. त्यांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला तुमचा हेवा वाटतो हो अजून. सांगून ठेवते."

मालनबाईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली आणि किटली उचलली. "सकाळी लवकर निगू. उन्हाच्या आत पोचाया पायजे."